पेशीची पारख

(सुवर्णमहोत्सवानिमित्त माढा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१६ जानेवारी २०२१ रोजी भारतात कोरोना प्रतिबंधक लसीकरणास प्रारंभ झाला. पुढील काही महिन्यांत माढा तालुक्यातील गावोगावी लोक रांगेत उभे राहिले. कोणाच्या वाट्याला कोव्हिशील्ड आली, कोणाच्या वाट्याला कोव्हॅक्सिन. लसीचे नाव प्रत्येकाच्या लक्षात राहिले; परंतु ती लस कशावर वाढली, हा प्रश्न फारसा कोणाच्या मनात आला नसावा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या कोव्हिशील्डमधील निरुपद्रवी केलेला विषाणू मानवी पेशींच्या एका वंशात वाढविलेला होता. तो पेशीवंश १९७३ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथे, मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातील पेशींपासून निर्माण झाला. कोव्हॅक्सिनचा मूळ विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विलग केला आणि हैदराबादच्या भारत बायोटेकने तो दुसऱ्या एका पेशीवंशात वाढविला. हा दुसरा वंश आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ मध्ये जपानात तयार झाला होता. म्हणजे ज्या पेशींचे नावही कोणी ऐकले नव्हते, त्यांच्या कष्टाचे फळ माढ्याच्या घराघरांत पोहोचले.

येथे एक साधा, व्यवहारी प्रश्न उपस्थित होतो. या पेशी ज्या म्हणून सांगितल्या जातात त्याच आहेत, हे ओळखायचे कसे? बाटलीवरील चिठ्ठी आणि बाटलीतील माल यांचा मेळ कोण घालतो? बाजारपेठेत आयुष्य घालविणाऱ्या समाजाला या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावयास नको. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या पेशी आणि त्यांची पारख करणारी जनुकीय साधने यांचा हा परिचय आहे.

पेशीवंश म्हणजे काय?

मानवी शरीर सुमारे ३० ते ४० लाख कोटी पेशींचे बनलेले आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रात डीएनए नावाच्या दीर्घ धाग्यावर त्या जीवाची संपूर्ण माहिती लिहिलेली असते. या लिपीत अक्षरे केवळ चार. परंतु मनुष्याच्या एका संचात ती सुमारे ३०० कोटी वेळा गुंफलेली असतात. या संपूर्ण लेखनास जनुकसंच अथवा जीनोम असे म्हणतात. त्यातील ज्या परिच्छेदावरून शरीर एखादे प्रथिन घडविते, तो परिच्छेद म्हणजे जनुक.

शरीराबाहेर काढलेली सामान्य पेशी योग्य उष्णता व पोषण मिळाल्यास काही काळ वाढते, पन्नासएक वेळा विभागते आणि मग थांबते. काही पेशी मात्र थांबत नाहीत. कर्करोगामुळे किंवा अन्य बदलामुळे त्यांच्या अंगी अखंड विभागण्याची शक्ती आलेली असते. अशा पेशींच्या संततीला इंग्रजीत सेल लाइन म्हणतात. मराठीत पेशीवंश म्हणता येईल. प्रयोगशाळेत तो ३७ अंश सेल्सिअस तापमानात साखर, क्षार, अमिनो आम्ले यांच्या द्रवात वाढविला जातो, तर साठविण्यासाठी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठविला जातो.

घरातील विरजणाचे उदाहरण येथे चपखल बसते. कालच्या दह्यातील चमचाभर विरजण आजच्या दुधाला लागते, आजचे उद्याच्या. एखाद्या घरातील विरजण वर्षानुवर्षे चालत येते, शेजारणी मागून नेतात, लेकी सासरी नेतात. पेशीवंशही असाच एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे आणि एका देशातून दुसऱ्या देशात जातो. विरजणाचे दोन दोषही त्याच्यात आहेत. हाताळता हाताळता त्याचा गुण हळूहळू पालटतो आणि निष्काळजीपणे दुसरेच काही त्यात मिसळले तर डोळ्यांना ते दिसत नाही.

बाल्टिमोर ते मुंबई

अखंड वाढणारा पहिला मानवी पेशीवंश १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निर्माण झाला. हेन्रिएटा लॅक्स ही तंबाखूची शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातील स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचारासाठी तेथे आली होती. तिच्या गाठीचा लहानसा तुकडा डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्यातील पेशी दिवसागणिक दुप्पट होत गेल्या. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘हेला’ हे नाव मिळाले. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी हेन्रिएटा निवर्तली. तिच्या पेशी मात्र आजही जगभर वाढत आहेत. पोलिओच्या लसीच्या परीक्षणापासून असंख्य संशोधनांत त्या उपयोगी पडल्या. पेशी घेताना तिची संमती घेतली गेली नव्हती आणि कुटुंबाला ही हकीकत कळण्यास वीसएक वर्षे लागली.

याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत एका मराठी विदुषीने शिक्षण घेतले, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. विकृतिशास्त्रातील भारताचे अग्रणी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर अधिछात्रवृत्ती घेऊन त्या बाल्टिमोरला गेल्या, ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या आणि मायदेशी परतून मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांच्या संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. शरीराबाहेर पेशी वाढविण्याची विद्या भारतात प्रथम रुजली ती अशी, एका पुणेकर स्त्रीच्या हातून.

चिठ्ठी एक, माल दुसरा

हेला पेशींची वाढ जितकी उपकारक तितकीच उपद्रवी ठरली. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने एका परिषदेत धक्कादायक निष्कर्ष मांडला. वेगवेगळ्या व्यक्तींच्या वेगवेगळ्या अवयवांपासून आल्याचे मानले जाणारे अठरा पेशीवंश त्याने तपासले होते. त्या सर्वांत एका विकराचे एकच विशिष्ट रूप आढळले आणि ते रूप आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींमध्येच प्रामुख्याने सापडते. हेन्रिएटा कृष्णवर्णीय होती. अर्थ उघड होता. एखाद्या न बदललेल्या नळीतून किंवा उडालेल्या थेंबातून हेला पेशी इतर बाटल्यांत शिरल्या होत्या आणि मूळ पेशींना मागे सारून त्यांनी सगळी जागा व्यापली होती. चिठ्ठीवर एका अवयवाचे नाव होते आणि आत पेशी दुसऱ्याच.

सभेतील अनेकांना हे पटले नाही. काहींना रागही आला. ज्याने आपल्या कामाची दहा वर्षे एका बाटलीवर खर्ची घातली, त्याला ती बाटली खोटी आहे हे ऐकणे कसे रुचावे? परंतु काळाने गार्टलर यांना खरे ठरविले. या गोंधळाची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या यादीत आज पाचशेहून अधिक पेशीवंशांची ओळख चुकलेली आढळते. अशा पेशींवर झालेला खर्च आणि त्यांवर बांधलेले निष्कर्ष यांची झळ अखेर रुग्णालाच पोहोचते.

सोलापूर जिल्ह्याला हे दुखणे परके नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन घ्यावे लागले, ते नावाच्या आडून भलताच माल विकला जाऊ नये म्हणूनच. कापड सुती आहे की नाही याची शंका आली तर जाणता व्यापारी त्यातील एक धागा काढून जाळून पाहतो. सूत जळाले की जळक्या कागदासारखा वास येतो आणि भुरभुरीत राख उरते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची काळी, कडक गोळी होते. ताग्यावरील शिक्का काहीही सांगो, धागा खोटे बोलत नाही.

पेशींच्या बाबतीत हा धागा म्हणजे डीएनए. त्यात काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा एखादा लहानसा शब्द पुन्हा पुन्हा येतो, जणू काठावरील बुट्टीच. ही पुनरावृत्ती कोणाच्या डीएनएत सात वेळा, तर कोणाच्या डीएनएत अकरा वेळा. अशी दहा-पंधरा ठिकाणे मोजली की व्यक्तीची ओळख पटते. न्यायालयात पितृत्वाचा किंवा गुन्ह्याचा निवाडा करताना जी चाचणी होते तीच ही. मानवी पेशीवंशाची आजची प्राथमिक पारख हीच असून अनेक नामांकित संशोधनपत्रिका ती केल्याचा पुरावा मागतात.

आपल्या राज्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी की, भारतातील पेशीवंशांचे राष्ट्रीय भांडार पुण्यात आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्राण्यांच्या ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा तेथे उभारली. तीच पुढे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र म्हणून नावारूपास आली. गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारात असलेले हे केंद्र देशभरच्या संशोधकांना पेशी पुरविते. बियाणे प्रमाणित असेल तरच पिकाचा भरवसा धरता येतो. तोच न्याय येथेही लागू आहे.

इवल्याशा प्राण्याची देणगी

आतापर्यंतचा विचार संशोधनातील पेशींचा झाला. औषधाच्या कारखान्यात मात्र सर्वाधिक वावर आहे तो उंदराच्या जवळच्या एका लहानशा प्राण्याच्या पेशींचा. चिनी हॅम्स्टर हा उत्तर चीन व मंगोलियातील प्राणी. तो १९४८ मध्ये चीनमधून अमेरिकेत नेला गेला. १९५७ मध्ये डेन्व्हर येथील थिओडोर पक यांनी एका मादीच्या बीजांडकोशातील पेशी वाढविल्या. ‘चायनीज हॅम्स्टर ओव्हरी’ या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना सीएचओ म्हणतात. मनुष्याच्या ४६ गुणसूत्रांच्या तुलनेत या प्राण्याची गुणसूत्रे केवळ २२ आणि आकाराने मोठी. म्हणून आनुवंशिकीच्या अभ्यासाला तो सोयीचा वाटला. त्या पेशी पुढे औषधे घडवितील, असे त्यावेळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

१९८२ मध्ये जीवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्शुलिन बाजारात आले. मग प्राण्यांच्या पेशींची गरजच काय, असे कोणी विचारील. कारण असे की, इन्शुलिन हे लहान व साधे प्रथिन आहे. शरीरातील अनेक मोठ्या प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्यांची नक्षी असते. ती नक्षी नसेल तर औषध रक्तात टिकत नाही किंवा काम करीत नाही. जीवाणूला ती काढता येत नाही. सस्तन प्राण्याच्या पेशीला येते. विणकर कितीही कुशल असला तरी साध्या मागावर जरीची वेलबुट्टी उतरत नाही, त्यासाठी जॅकार्डच लागतो. तसाच हा प्रकार.

१९८७ मध्ये रक्तातील गुठळी विरघळविणारे प्रथिन सीएचओ पेशींपासून तयार होऊन अमेरिकेत मान्यता पावले. त्याच कुळातील टेनेक्टेप्लेज हे औषध आज पुण्यातील हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीतही बनते. १९८९ मध्ये एरिथ्रोपोएटिन आले. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना रक्तवाढीसाठी दिले जाणारे इंजेक्शन ते हेच. १९९७ मध्ये रिटुक्सिमॅब आणि १९९८ मध्ये स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब ही प्रतिपिंडे आली. १९८० च्या दशकात एक लिटर द्रवातून जेमतेम पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास प्रथिन हाती येई. पुढे ते प्रमाण अनेक ग्रॅमपर्यंत गेले.

न वाचता वापरलेला ग्रंथ

एवढी प्रगती झाली, परंतु ती बरीचशी चाचपडत झाली. हजारो पेशींतून अधिक उत्पादन देणारी एक निवडायची, तिची संतती वाढवायची, पुन्हा निवडायची. ती पेशी अधिक का देते, हे निवडणाऱ्यालाही सांगता येत नसे. कारण सीएचओ पेशींचा जनुकसंच कोणी वाचलेलाच नव्हता. अब्जावधी रुपयांची उलाढाल ज्या ग्रंथावर चालली होती, तो ग्रंथ पंचवीस वर्षे मिटलेलाच राहिला.

ऑगस्ट २०११ मध्ये तो उघडला. आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या गटाने सीएचओ-के१ या वंशाचा जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २४५ कोटी अक्षरे आणि २४,३८३ जनुके नोंदविली गेली. हे वाचन कसे होते? एखाद्या जुन्या हस्तलिखिताच्या शेकडो प्रती बारीक कातरून त्यांचा ढीग घालावा, प्रत्येक कपटा वाचावा आणि एकमेकांवर येणारे शब्द जुळवीत मूळ पोथी पुन्हा उभी करावी, तसे. कपटे लहान असल्याने काही पाने विस्कळीत राहिली. लांब कपटे वाचणारी यंत्रे आल्यावर २०१८ मध्ये चिनी हॅम्स्टरची अधिक सलग प्रत सिद्ध झाली.

दरम्यान २०१३ मध्ये एका महत्त्वाच्या संशोधनाने सर्वांचे डोळे उघडले. मूळ प्राण्याचा जनुकसंच आणि वापरातील सहा सीएचओ वंशांचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले गेले. एकेका अक्षराचे ३७ लाखांहून अधिक फरक आढळले. कोठे परिच्छेद गळाले होते, कोठे एकच परिच्छेद अनेकदा उतरला होता. तात्पर्य, सीएचओ हे एका पेशीचे नाव राहिलेले नाही. ते एका पांगलेल्या कुळाचे आडनाव झाले आहे. आडनाव एक म्हणून स्वभाव एक, असे जसे होत नाही, तसेच एका कारखान्यातील अनुभव दुसऱ्या कारखान्यातील पेशींना जशाचा तसा लागू पडेल असे नाही.

तीन साधने

जनुकसंच हाती आल्यावर तीन प्रकारची साधने उपयोगात आली. पहिले साधन वाचनाचे. प्रत्येक उत्पादक आपल्या गोठविलेल्या मूळ साठ्यातील पेशी वाचू शकतो आणि अनेक पिढ्यांनंतरच्या पेशींशी ताडून पाहू शकतो. औषधाचे जनुक कोठे बसले आहे, त्याच्या किती प्रती आहेत, त्यात एखादे अक्षर बदलले काय, याचा हिशेब मिळतो.

दुसरे साधन मोजमापाचे. पेशीत हजारो जनुके असली तरी सर्व एकाच वेळी कामावर नसतात. कोणते जनुक बोलते आहे आणि कोणते मूक आहे, हे त्यांच्या आरएनए प्रती मोजून कळते. सीएचओ पेशींतील शर्करेची एक विशिष्ट जोडणी मनुष्यासारखी होत नाही, कारण त्यासाठीचे जनुक असूनही मूक राहते, हा उलगडा अशाच मोजणीने पक्का झाला. २०१६ मध्ये १,७६६ जनुकांच्या आधारे या पेशीच्या अन्नव्यवहाराचा संगणकीय नकाशा तयार झाला. पेशीला कोणता घटक किती द्यावा याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

तिसरे साधन दुरुस्तीचे. जनुक नेमके कापण्याची विद्या क्रिस्पर या तंत्रामुळे २०१२ नंतर स्वस्त व सोपी झाली. तथापि त्याआधीच, २००४ मध्ये, जपानी संशोधकांनी सीएचओ पेशीतील एफयूटी-८ हे जनुक निकामी करून दाखविले होते. त्यामुळे प्रतिपिंडाच्या शर्करासाखळीवरील फ्यूकोज नावाचा एक मणी गळाला आणि रोगी पेशींना मारण्याची त्या प्रतिपिंडाची क्षमता अनेक पटींनी वाढली. या मार्गाने सिद्ध झालेले मोगॅम्युलिझुमॅब हे रक्ताच्या एका कर्करोगावरील औषध २०१२ मध्ये जपानात मान्यता पावले.

लसीच्या माकडपेशींचे गूढही असेच सुटले. त्या पेशींत नाना प्रकारचे विषाणू इतके सहज का वाढतात, हे कोडे जुने होते. २०१४ मध्ये जनुकसंच वाचल्यावर दिसले की बाराव्या गुणसूत्राचा सुमारे ९० लाख अक्षरांचा एक तुकडाच गळालेला आहे आणि विषाणूशी लढणाऱ्या इंटरफेरॉनची जनुके त्यातच होती. ज्या घराचा पहारेकरीच नाहीसा झाला, तेथे विषाणूला मुक्तद्वार मिळाले. शरीरात जी उणीव घातक ठरली असती, ती लसनिर्मितीत वरदान ठरली.

पारख ढिली पडली तर काय होते, याचे उदाहरण २००९ मध्ये घडले. अमेरिकेतील बॉस्टन येथील एका कारखान्यात सीएचओ पेशींच्या टाक्यांत एक विषाणू शिरला. माणसाला तो अपायकारक नव्हता, परंतु पेशींची वाढ खुंटली. उत्पादन थांबवून सर्व यंत्रणा निर्जंतुक करावी लागली. गोशे आणि फॅब्री या दुर्मीळ आनुवंशिक विकारांच्या रुग्णांना पुढे कित्येक महिने औषधाचा तुटवडा सोसावा लागला. तेव्हापासून टाकीतील द्रवात अनोळखी डीएनए वा आरएनए आहे काय, हे जनुकवाचनाने शोधण्याकडे उद्योगाचे लक्ष वेधले गेले.

बार्शीच्या दारात

हे सर्व कारखान्यांचे शास्त्र झाले. माढ्याच्या माणसाला त्याचे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. उत्तर शेजारच्या तालुक्यात आहे. बार्शी येथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील कर्करुग्णांची नोंदवही तेथे १९८७ पासून ठेवली जाते. भारताच्या ग्रामीण भागातील अशा प्रकारची ती पहिली नोंदवही. कर्करोग हा केवळ शहरी आजार नाही, हे तिच्या पानांतून सिद्ध झाले.

स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत ट्रास्टुझुमॅबसारखे औषध उपयोगी ठरते. मूळ विदेशी औषधाची किंमत बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होती. शेत गहाण टाकावे की उपचार सोडावे, असा तो पेच. पुढे भारतीय कंपन्यांनी समरूप औषधे काढली. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅबचे आणि बंगळूरच्या बायोकॉनने २०१४ मध्ये ट्रास्टुझुमॅबचे समरूप औषध बाजारात आणले. किमती उतरल्या आणि उपचाराचे दार थोडे अधिक उघडले.

परंतु येथेच पारखीचे खरे मोल कळते. पॅरासिटामॉलची गोळी रासायनिक सूत्राने बनते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या गोळ्यांतील द्रव्य एकच असू शकते. जिवंत पेशीकडून बनवून घेतलेले प्रथिन मात्र हुबेहूब दुसऱ्यासारखे होत नाही, म्हणून त्याला समरूप म्हणतात. ते मूळ औषधाइतकेच गुणकारी व निर्धोक आहे, हे सिद्ध करण्याचे दायित्व उत्पादकावर असते. भारताने त्यासाठी २०१२ मध्ये नियमावली केली आणि २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. पेशींचा मूळ साठा कोणता, त्याची ओळख पटविली काय, तो अनेक पिढ्या स्थिर राहतो काय, ही माहिती उत्पादकाला द्यावी लागते. स्वस्त मालाकडे गिऱ्हाईक संशयाने पाहते, हा पेठेचा जुना अनुभव आहे. तो संशय दूर करण्याचा मार्ग जाहिरात नव्हे, तर पारख. गरिबाला परवडणारे औषध विश्वासार्ह ठरायचे असेल, तर ते घडविणारी पेशी कसोटीला उतरलीच पाहिजे.

दोन ऋणे

या विद्येवर दोन ऋणे आहेत आणि त्यांचा उच्चार केल्यावाचून विषय पूर्ण होणार नाही.

पहिले ऋण मनुष्याचे. मार्च २०१३ मध्ये युरोपातील शास्त्रज्ञांनी हेला पेशींचा जनुकसंच प्रसिद्ध केला, तोही लॅक्स कुटुंबाला न विचारता. जनुकसंच हा केवळ त्या पेशींचा नसतो. मुलानातवंडांच्या प्रकृतीच्या खुणाही त्यात असतात. कुटुंबाने आक्षेप घेतल्यावर माहिती मागे घेण्यात आली. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेशी समझोता होऊन असे ठरले की, ही माहिती मागणाऱ्या संशोधकाचा अर्ज एक समिती तपासेल आणि त्या समितीत लॅक्स कुटुंबाचे सदस्य असतील. ऑगस्ट २०२३ मध्ये या पेशींचा व्यापार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीनेही कुटुंबाशी तडजोड केली. बहात्तर वर्षांनी का होईना, ज्याचा माल त्याची परवानगी, हा व्यवहारातील पहिला नियम मान्य झाला.

दुसरे ऋण प्राण्यांचे. अहिंसेचा विचार मानणाऱ्या सभेत हा प्रश्न उपस्थित होणे अटळ आहे. सीएचओ वंशासाठी १९५७ नंतर नव्या प्राण्याची आवश्यकता राहिली नाही. एकदा घेतलेल्या पेशींची संतती आजवर पुरली. परंतु पेशींच्या पोषणासाठी दीर्घकाळ गायीच्या न जन्मलेल्या वासराच्या रक्ताचा द्रव वापरला जाई आणि संशोधनाच्या अनेक प्रयोगशाळांत तो आजही वापरला जातो, हे सत्य झाकून चालणार नाही. औषधाच्या कारखान्यांत मात्र सीएचओ पेशी बहुतांशी अशा द्रवावाचूनच, रासायनिक घटक नेमके ठाऊक असलेल्या माध्यमात वाढविल्या जातात. यामागे रोगसंसर्ग टाळणे व दर्जा एकसारखा राखणे हे मुख्य हेतू होते. पेशीची गरज जितकी नेमकी कळेल तितका प्राण्यावरील भार कमी होईल. ज्ञान आणि करुणा यांची वाट येथे एक होते. या दृष्टीने अजून पुष्कळ काम शिल्लक आहे.

विद्यार्थ्यांसाठी

शेवटी सभेतील तरुणांसाठी दोन शब्द. सीएचओ पेशी आणि चिनी हॅम्स्टर यांचे जनुकसंच आज सर्वांसाठी खुले आहेत. संगणक आणि इंटरनेट असलेला कोणीही विद्यार्थी ते विनामूल्य पाहू शकतो. २४५ कोटी अक्षरांतील हवे ते जनुक शोधू शकतो, मनुष्याच्या जनुकाशी ताडून पाहू शकतो. एकेकाळी त्यासाठी बाल्टिमोर गाठावे लागले असते. आज माढ्यात बसून प्रारंभ करता येतो. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवतंत्रज्ञान वा संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी या क्षेत्राकडे अवश्य पाहावे. त्याला गणित लागते, चिकाटी लागते आणि सर्वांहून अधिक लागतो तो प्रामाणिकपणा. आपल्या हातातील बाटली चुकीची निघाली तर ते मान्य करण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, तोच या शास्त्राचा खरा उपासक.

पेशी डोळ्यांना दिसत नाही, जनुक त्याहून सूक्ष्म. तरीही रुग्णाच्या नसेत उतरणाऱ्या औषधाच्या प्रत्येक थेंबामागे त्या अदृश्य धाग्याची पारख उभी असते. ती जितकी काटेकोर, तितका रुग्णाचा विश्वास सार्थ. माप पुरे द्यावे आणि माल खरा द्यावा, ही पेठेची शिकवण विज्ञानाच्या सर्वांत सूक्ष्म दालनातही तशीच लागू पडते.